कवळीकाकांचा शेवटचा हात

ज्या माणसाने उभे आयुष्य परक्यांच्या तोंडात दात बसवण्यात घालवले, त्याला घरच्या गाडीचे दाते नीट बसवता येऊ नयेत, ही गोष्ट कवळीकाकांच्या मनाला फार लागून राहिली होती.

काका दंतवैद्य नव्हते. दंतवैद्यांना कवळ्या करून देणारे ते कारागीर होते. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. तिथल्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि खिडकीच्या कट्ट्यावर गुलाबी हिरड्या थंड होत पडलेल्या असत. नवखा पाहुणा त्या जबड्यांसमोर चहा घ्यायला बसला, की आपोआप कमी बोलू लागे. काकांना स्वतःला त्या खोलीत कधी एकटे वाटले नाही.

वरचा जबडा खालच्यावर टेकवायचा, मध्ये तलम निळा कागद धरायचा, आणि जिथे निळा डाग उमटेल तिथे कणभर घासायचे. पुन्हा कागद, पुन्हा डाग, पुन्हा घासणे. असे करता करता त्यांची अख्खी दुपार जाई आणि त्यांना ती गेल्याचे कळतही नसे. संध्याकाळी ते "बसली" असे म्हणत, तेव्हा ती कवळी खरोखरच बसलेली असे. काकांची अडचण एवढीच होती, की 'बसली' हा शब्द ते अखेरचा मानत नसत. कवळी डबीत गेली, डबीला दोरा बांधला, निरोप्या ती घेऊन जिना उतरू लागला, की काका वरून हाक मारत : "अहो, जरा थांबा. फक्त शेवटचा हात." त्या शेवटच्या हातानंतर आणखी एक हात असे, आणि त्यानंतर निरोप्याचा चहा. गावातले दंतवैद्य इतके सरावले होते, की रोग्याला सोमवारी कवळी द्यायची असली तर ते काकांना शुक्रवार सांगत.

आपण केलेली कवळी ते कुठेही ओळखत. एकदा बसमध्ये समोर बसलेल्या एका प्रौढ बाईंच्या तोंडाकडे ते इतका वेळ टक लावून बघत राहिले, की बाईंनी पर्स हातात घेऊन विचारले, "काय बघताय हो?" काका कळवळून म्हणाले, "डाव्या बाजूची दाढ किंचित उंच राहिलीय. माझीच चूक आहे." पुढच्या थांब्यावर त्यांना उतरावे लागले.

त्यांची पत्नी अगदी उलट्या घडणीची. ती मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवी आणि सगळे तिला नुसते 'बाई' म्हणत. शेजारच्या सीटवर बसलेला घाबरट माणूस समोरच्या खांबाकडे गाडी नेत असतानाही तिचा आवाज चढत नसे. "क्लच दाबा. आता ब्रेक. आता श्वास घ्या," असे ती त्याच क्रमाने म्हणे. तिच्याकडे शिकलेल्या एका खेळण्यांच्या दुकानदाराने परवाना मिळाल्याच्या आनंदात तिला रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी चालवून पाहायला दिली. पाचेक मिनिटांत बाईंनी ती अशी पळवली, की दुकानदाराने आपल्या मुलाला बोलावून दाखवले. महिनाभरात तशी एक गाडी घरी आली.

गाडी म्हणजे टूरिंग कार : रस्त्यावरच्या मोटारीची हुबेहूब नक्कल, लांबीला एक हात. वरचे रंगीत कवच उचलले, की आत सगळा संसार दिसतो. मोटरच्या दांड्यावर एक चिमुकला पिनियन, म्हणजे दातेरी चाक, असतो. तो शेजारच्या मोठ्या गिअरला फिरवतो. मोठा गिअर दोन दातेरी पट्टे ओढतो, एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्या. मागच्या दोन चाकांच्या मध्ये सुपारीएवढी एक गोल डबी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. वळताना बाहेरच्या चाकाने आतल्यापेक्षा जास्त पळावे, याची व्यवस्था ती बघते. तिच्यात मधासारखे दाट तेल भरायचे. तेल किती दाट, पट्टा किती ताठ, पिनियन आणि गिअर यांच्यात किती फट, या तीन प्रश्नांवर शर्यतीच्या मैदानात मित्रांचे अबोले झालेले आहेत.

पहिल्याच दिवशी काकांनी कवच उचलून आत डोकावले आणि गिअर बोटाने हलवून पाहिला. "यात मोकळीक फार आहे," ते म्हणाले. त्या वाक्यापासून पुढचे सगळे घडले.

लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर त्या घरात मुख्यतः दोन विषयांवर बोलणे होई : भाजी काय आणायची आणि दिवे कोणी चालू ठेवले. गाडी आली आणि शनिवारच्या दुपारी दोघे एकाच टेबलाशी बसू लागली. बाई स्क्रू हातात देई, काका बसवत. "हा लांब आहे." "नाही, हाच." "बघा हं." "बघतोय." यापलीकडे संभाषण जात नसे, पण काकांना ते पुरे होते. शनिवारी सकाळी ते दाढी जरा लक्ष देऊन करू लागले होते, हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आले नव्हते.

गाडी मात्र धावत नसे. म्हणजे सकाळच्या सरावात ती वाऱ्यासारखी धावे. मग काका तिला शेडमध्ये नेऊन शेवटचा हात फिरवत, आणि शर्यतीत ती बसकण मारी. एकदा त्यांनी पट्टे असे ताणले, की मोटरमधून जळका वास येऊन गाडी हट्टी बैलासारखी मधोमध उभी राहिली. एकदा बेअरिंग स्वच्छ दिसावीत म्हणून ती पेट्रोलने धुतली. आतले ग्रीसही धुतले गेले, आणि तीन फेऱ्यांनंतर मागचे चाक किंचाळून अडकले. एकदा डिफरन्शियलची डबी त्यांनी तेलाने काठोकाठ भरली. रिकामी जागा सोडणे म्हणजे अर्धवट काम, असे त्यांना वाटले. गरम झाल्यावर तेल फुगले, बाहेर आले, थेट मागच्या टायरांवर उतरले, आणि गाडी पहिल्या वळणावर भोवऱ्यासारखी फिरू लागली. शर्यतीत उतरणाऱ्या बँकेतल्या एका कारकुनाने तेव्हा विचारले होते, "काका, ही शर्यत आहे की नाच?"

त्या नाचाच्या दिवशी बाईंची धाकटी बहीण आणि तिचे यजमान शर्यत बघायला आलेले होते. हे काकांचे साडू फ्रिज विकत. बोलायला बसले की समोरच्याने फ्रिज घेतल्याशिवाय उठू नये, अशी त्यांची ख्याती. ते तेलकट गाडीकडे बघून म्हणाले, "एवढं काय असतं हो यात? फिरलं पाहिजे, बस. ताई, मला द्या एकदा."

"फिरलं पाहिजे, बस?" काका म्हणाले. "कवळीसुद्धा तोंडात नुसती फिरली पाहिजे का?"

"अहो साडूभाऊ, मी कवळीबद्दल कुठं बोललो?"

"तत्त्व एकच आहे."

बाई बोलली ती घरी आल्यावर, टेबलावरचे तेल पुसता पुसता, क्लच दाबायला सांगावे अशा आवाजात.

"पुढच्या रविवारी हंगामातली शेवटची शर्यत आहे. गाडी तुम्ही शनिवारी तयार करून द्या, हवी तशी. पण रविवारी सकाळी ती माझ्या हातात आली, की नंतर तिला हात लावायचा नाही. बॅटरी बदलायची, चाकं पुसायची. बाकी हात मागे."

"आणि काही बिघडलं तर?"

"तुम्ही हात लावला नाहीत तर बिघडणार नाही. गाडी शेवटपर्यंत धावली, तर पुढच्या वर्षीही तुमच्याकडे. मध्ये बंद पडली, किंवा तुमचा हात लागला असं मला दिसलं, तर पुढच्या हंगामापासून धाकटीच्या यजमानांकडे देईन."

"त्यांना पिनियन म्हणजे काय ते माहीत नाही!"

"म्हणूनच ते त्याला हात लावणार नाहीत," बाई म्हणाली आणि फडके पिळले.

काकांच्या डोळ्यांपुढे शनिवारची दुपार उभी राहिली. बाई त्या टेबलाशी बसली आहे आणि स्क्रू फ्रिजवाल्याच्या हातात देते आहे. फ्रिजवाला तो न बघताच बसवतो आहे. काका पुढच्या खोलीत जबड्यांमध्ये बसून ऐकत आहेत. त्यांनी मान डोलावली.

शनिवारी त्यांनी गाडी अशी जुळवली, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे. पिनियन आणि गिअर यांच्यात बाकीचे लोक बिलाच्या कागदाची पट्टी घालून फट ठरवतात. काकांनी आपला निळा कागद घातला. स्क्रू आवळून कागद ओढून काढला, दात्यांचे ठसे भिंगाखाली पाहिले, आणि सगळे ठसे सारखे उमटेपर्यंत त्यांनी पाणीही घेतले नाही. रविवारी सकाळी त्यांनी गाडी बाईंच्या हातात ठेवली आणि आपले हात पाठीमागे नेऊन डाव्या हाताने उजव्याचा अंगठा घट्ट धरला. माणूस जत्रेत लहान मुलाला धरतो, तसा.

मैदान म्हणजे एका मोठ्या फर्निचरच्या दुकानामागची गाड्या लावायची जागा. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असे, तेव्हा तिथे प्लास्टिकच्या नळ्या मांडून वळणावळणाचा रस्ता आखत. एका बाजूला पत्र्याची शेड आणि तिच्यात स्पर्धकांची टेबले. दुसऱ्या बाजूला लाकडी उंचवटा, त्यावर रिमोट घेऊन चालक उभे राहत. सकाळच्या फेरीत बाईंची गाडी सुरेख धावली. शेवटच्या वळणावर कारकुनाच्या गाडीने तिला मागून धडक दिली, ती नळीवर उडाली, दणकन खाली आली, पण थांबली नाही. अंतिम शर्यतीत बाईंची जागा पक्की झाली.

"लागलं का हो, बाई?" कारकुनाने विचारले.

"मला नाही. तिला विचारा," बाई म्हणाली.

अंतिम शर्यतीआधी मागे पडलेल्यांची एक शर्यत असते. तीत उलटलेल्या गाड्या सरळ करायला वरच्या गटातल्या स्पर्धकांनी एकेका वळणावर उभे राहायचे, असा क्लबचा नियम होता. बाईंनी नारिंगी जाकीट चढवले. जाताना तिने काकांकडे पाहिले.

"बॅटरी. चाकं."

"बॅटरी. चाकं," काका म्हणाले.

त्यांनी बॅटरी बदलली. फडक्याने पुढची चाके पुसली. मागची चाके पुसताना ती थोडी फिरली, आणि काकांचा हात जागच्या जागी थांबला. रोजची आतली हलकी गुणगुण कुठे गेली? त्या जागी आवळलेला, नाकातून निघणारा एक सूर होता. त्यांनी पुन्हा चाक फिरवले. तोच सूर. पंजाची पाठ त्यांनी मोटरच्या वर धरली. वर धरणे म्हणजे हात लावणे नव्हे, असे त्यांनी स्वतःला बजावले. फेरी होऊन बराच वेळ झाला होता, तरी मोटर इस्त्रीसारखी तापलेली होती.

काय झाले ते त्यांना लख्ख कळले. मघाच्या आपटण्याने मोटर आपल्या जागेवरून केसभर सरकली होती आणि पिनियन गिअरमध्ये घुसून बसला होता. अशी गाडी दोन-तीन फेऱ्या धावेल आणि मग मोटर जळेल. एक स्क्रू सैल करायचा, मोटर केसभर मागे घ्यायची, स्क्रू आवळायचा, काम एवढेच. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदाच कवळीकाकांना एखादी गोष्ट सैल करावीशी वाटत होती, आणि नेमका आजच त्यांना हात लावायला मज्जाव होता. शिवाय, गाडी आवळली गेली आहे पण ती मी आवळलेली नाही, हे त्यांच्या तोंडून कोणाला खरे वाटणार होते? लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचे दुःख त्या क्षणी काकांइतके कोणालाच कळले नसेल.

ते धावत कुंपणापाशी गेले. बाई पार पलीकडच्या वळणावर उभी होती आणि मध्ये गाड्यांचा कर्कश आवाज. काकांनी दोन्ही मुठी एकमेकींवर घासून दाखवल्या, मग त्या दूर केल्या. पुन्हा घासल्या, पुन्हा दूर केल्या. बाईंनी क्षणभर पाहिले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवले.

"काका, व्यायाम चाललाय का?" शेजारच्या वळणावर उभ्या कारकुनाने विचारले.

"तुझ्या गाडीनं ठोकली म्हणून चाललाय," काका म्हणाले आणि तसेच शेडकडे परतले.

तिथे टेबलापाशी साडू कागदी कपातून चहा पीत उभे होते. पुढच्या वर्षी ज्या गादीवर बसायचे ती आधी डोळ्यांखालून घालावी, अशा ऐटीत ते गाडी न्याहाळत होते. बाईंची अट धाकटीकडून त्यांच्या कानावर गेलेली होती.

"साडूभाऊ," काकांनी इतक्या गोड आवाजात हाक मारली, की साडूंनी कप खाली ठेवला. "एक स्क्रू सैल करून द्याल?"

"मी? का? तुमचे हात कुठं गेले?"

काकांनी वळून पाठ दाखवली. हात मागे, अंगठा मुठीत.

"मला हात लावायचा हुकूम नाही. तुमच्याबद्दल हुकूम काही बोललेला नाही."

"अहो, पण ताई मला सोडतील का? आणि खरं सांगू, गाडी बंद पडली तर ती माझ्याकडेच यायचीय. मग मी कशाला नसत्या भानगडीत पडू?"

"तुम्हाला ती हवी आहे?"

साडूंनी जरा विचार केला. "हवी असं काही नाही. आमच्या हिच्यापुढे 'घेतो' म्हणून बोलून गेलो."

"मग घ्या तो बारका पाना."

साडूंनी पाना घेतला. त्यानंतर जे झाले त्याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात, आणि शेळी पहिल्यापासूनच बिथरलेली होती.

"हा का?"

"तो नव्हे. त्याच्या शेजारचा."

"सगळेच कोणाच्या तरी शेजारी आहेत."

"उजवीकडचा."

"कोणाच्या उजवीकडचा? माझ्या की तुमच्या?"

"गाडीच्या!"

"गाडीचं तोंड कुठं आहे?"

"अहो, गाडीला तोंड कुठं असतं हे तुम्हाला... तिकडं! दिवे आहेत ना, तिकडं! हां, तो. अर्धा फिरवा. अर्धा! तुम्ही पूर्ण फिरवलात."

"अर्ध्याचा पूर्ण कधी झाला ते कळलं नाही. तुम्ही कानात ओरडू नका. माझ्या मानेला तुमचा श्वास लागतोय."

"आता माझ्या वरच्या खिशात निळा कागद आहे, तो काढा. अलगद. तो दोन गिअरांच्या मध्ये घालायचा, मोटर त्याच्यावर हलकी टेकवायची आणि स्क्रू आवळायचा."

साडूंनी खिशातून कागद काढला. तो इतका तलम होता, की त्यांच्या ओल्या बोटाला चिकटला. झटकायला गेले तर दुसऱ्या बोटाला चिकटला. फुंकर मारली तर उडून थेट चहात पडला आणि चहा निळा झाला. त्याच वेळी कर्ण्यावरून पुकारा झाला : अंतिम शर्यतीच्या गाड्या रेषेवर आणा.

"दुसरा कागद?" साडूंनी विचारले.

"टेबलाच्या खणात... नाही, घरी राहिला," काका म्हणाले.

साडूंनी इकडे तिकडे पाहिले, चहाचा कप रिकामा केला, त्याच्या काठाचा एक जाड तुकडा फाडला, तो दोन गिअरांच्या मध्ये खुपसला, मोटर ढकलली, स्क्रू आवळला आणि तुकडा उपसून काढला. मग बोटाने चाक फिरवले. ते खडखडत फिरले.

"फिरतंय. बस."

काकांनी वाकून पाहिले. त्या फटीतून बैलगाडी गेली असती. त्यांचा अंगठा मुठीतून निसटला, हात पुढे आला, आणि बरोबर त्याच क्षणी शेडच्या दारात नारिंगी जाकीट दिसले. हात परत मागे गेला. बाईंनी गाडी उचलली, कवच बसवले आणि ती रेषेकडे निघाली.

शर्यत सुरू झाली तेव्हा कुंपणापाशी आठ गाड्यांचा आवाज उठला. इतरांना तो एकच आवाज वाटला असेल. काकांना मात्र सात गाड्यांची गुणगुण ऐकू आली आणि त्यांच्या मधोमध एकटीच खडखड. ती सरळ रस्त्यावर वाढे, वळणावर बसे, वळण सुटताच पुन्हा उठे.

"चाललीय की!" साडू म्हणाले.

"याला चालणं म्हणतात? ऐका. एखादा म्हातारा सैल कवळीनं कडक पाव चावतोय."

"पण चावतोय ना?"

काकांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर खडखड आणखी जवळ आली. आपण करून दिलेल्या साऱ्या कवळ्या एका खोलीत गोळा होऊन आपल्याविरुद्ध साक्ष देत आहेत, असे त्यांना वाटू लागले. दर फेरीला ते मनाशी म्हणत, आता दाते झिजतील, आता एक तुटेल, आता गिअर नुसताच फिरत राहील आणि गाडी उभी राहील. बाई उंचवट्यावर उभी होती. खडखड तिलाही ऐकू येत असणार, पण तिचा चेहरा समोरच्या खांबाकडे जाणाऱ्या शिकाऊ माणसाशेजारी असतो तसाच होता.

शर्यत सरत आली असताना अचानक आवाज थांबला.

काकांनी डोळे उघडले नाहीत. धीरच झाला नाही. गुणगुण सगळीकडून येत होती. खडखड कुठेच नव्हती. त्यांच्या मनात शनिवारची दुपार, रिकामे टेबल आणि एकाकी स्क्रू असे सगळे एकदम येऊन गेले. आता फ्रिजवाल्याला पिनियन म्हणजे काय ते निदान नीट शिकवावे, एवढा उदारपणासुद्धा त्यांच्या मनात डोकावला.

मग खडखड सुरू झाली.

तिच्याइतका सुरेल आवाज काकांनी आजवर ऐकला नव्हता. त्यांनी डोळे उघडले. पुढच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींत अडकून आडव्या पडल्या होत्या. त्यांच्यात घुसू नये म्हणून बाईंनी वेग अगदी सोडला होता, आणि आता त्यांना वळसा घालून तिची गाडी पुन्हा धावत होती, खडखड, खडखड, एखाद्या निर्लज्ज माणसाने भरसभेत मोठ्याने जेवावे तशी. ती चौथी आली. रेषा ओलांडून आली, आणि स्वतःच्या बळावर शेडपर्यंतही आली.

"चौथी!" कारकून ओरडला. अडकलेल्या दोन गाड्यांपैकी एक त्याची होती.

बाई उंचवट्यावरून उतरली, टेबलाशी आली, तिने कवच उचलून आत पाहिले. स्क्रूच्या डोक्याशेजारी ओरखडे होते. काकांच्या हातून असा ओरखडा पडणे शक्य नव्हते, हे तिला बघताक्षणी कळले. टेबलावर निळ्या तळाचा, काठ फाटलेला कप होता.

"हे कोणी केलं?"

"मी हात लावलेला नाही," काका म्हणाले. पाठीमागच्या हातांना आता मुंग्या आल्या होत्या.

"ताई, हात माझे," साडू पुढे झाले. "पण आधी माझं ऐका. ती गाडी पुढच्या वर्षी माझ्याकडे द्यायची म्हणत होतात ना, ती देऊ नका. पाया पडतो हवं तर. मी फ्रिज विकतो. फ्रिजला दार असतं. नको झालं की बंद करता येतं. यांना बंद करायची काही सोयच नाही. एक स्क्रू होता हो, एक! त्याच्यासाठी मला माझ्या जन्मापासूनचं सगळं सुनावलं. आणि गाडीशी तुमचं काही भांडण झालं तरी ती मला नको, तुम्हीच मिटवा."

बाई हसली. आधी नाकातून, मग खुर्चीचा आधार घेऊन. काकांनी पूर्वी कधी तिला मैदानात हसताना पाहिले नव्हते. तिचे हसणे संपेपर्यंत ते थांबले. मग आपटल्यावर मोटर कशी सरकली, सूर कसा बदलला, मुठी घासून काय सांगायचे होते, हे त्यांनी क्रमाने सांगितले.

"म्हणजे तुम्हाला ती सैल करायची होती?" शेवटी तिने विचारले.

"हो."

"तुम्हाला?"

"हो म्हणालो ना. पण इतकी नाही! इतकी कोणी..."

"आज वळणातून निघताना ती पहिल्यांदाच अडखळली नाही," बाई म्हणाली. "आवाज घाणेरडा होता. पण चालवायला बरी वाटली."

काकांनी हे ऐकले आणि ते खुर्चीवर बसले. गाडी शेवटपर्यंत धावली होती, त्यांचा हात लागला नव्हता, आणि दुसरा दावेदार चहाच्या टपरीकडे पळाला होता. तरी निकाल त्यांना स्पष्ट ऐकायचा होता.

"मग गाडी माझ्याकडे राहिली ना?"

"दुसरं कोणी घ्यायला तयार नाही. राहणारच."

"एवढंच कारण?"

बाईंनी रिमोट पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि त्यांच्याकडे पाहिले. "आणि शनिवारी मी काय करू? जबड्यांशी बोलू?"

काकांचे कान लाल झाले. मग गाडीकडे बोट दाखवून, बोट बोटभर अंतरावरच ठेवून, त्यांनी विचारले, "पण पुढच्या वर्षी हे एवढं सैल ठेवायचं?"

"एवढं नको. याच्या अर्धं ठेवा."

"यावर मी विचार करीन."

"विचार करू नका," बाई म्हणाली. "तिथंच तर सगळा घोटाळा होतो. तिकडून टेबलाचा पाय धरा."

काकांनी हात पुढे आणले, ते एकदा झटकून त्यांतल्या मुंग्या घालवल्या, आणि टेबलाचा पाय धरला.